‘दोघांनी चॉकलेट घेतले’ ही नोंद रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. कामगार निरीक्षक,
कामगार निरीक्षण कार्यालय,
सान्ता रीता दे ला साबाना.

विषय : मयत कामगार नुबिया तिबाकिरा यांच्या छळाच्या तक्रारीवरील ‘सलोख्याने मिटले’ हा शेरा रद्द करून तक्रारीची चौकशी होण्याबाबत.

संदर्भ : (१) आपले पत्र, ‘दोन्ही पक्षांनी समक्ष हजर राहावे’.
(२) आपले दुसरे पत्र, ‘वारसाने समितीपुढे हजर राहावे’.
(३) अर्जदारास आलेली सलोखा समितीची नोटीस, येत्या शुक्रवारच्या बैठकीची.

अर्जदार : ओल्गा यानेथ सास्तोके, प्रयोगशाळा प्रमुख, फ्लोरेस दे ला लागुनिता फुलशेती; सलोखा समितीवर कामगारांनी निवडून दिलेली सदस्य.

महोदय,

१. अर्जदार रसायनशास्त्राची पदवीधर असून वरील फुलशेतीवर पाणी, माती आणि कामगारांचे रक्त तपासण्याचे काम करते. फवारणीचे औषध अंगात गेले की रक्तातला एक घटक घसरतो. तो किती घसरला हे पाहून त्या कामगाराला फवारलेल्या पॉलिहाऊसपासून किती काळ दूर ठेवायचे हे सांगणे, एवढेच तिचे काम आहे. समितीवर ती निवडून आली ती कोणी दुसरे उभे राहिले नाही म्हणून. ही बाब आधीच नमूद करते, कारण अर्जदारास भांडणाची हौस आहे असा समितीच्या अध्यक्षांचा समज झाला आहे.

२. नुबिया तिबाकिरा कार्नेशन कापणीवर, ब्लॉक सातमध्ये होत्या. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी मुकादम एदिल्सोन पेनागोस यांच्याविरुद्ध समितीकडे लेखी तक्रार दिली. तक्रार अशी की फवारणीनंतर दारावर लाल बावटा असताना मुकादम आत पाठवतात. नाही म्हटले की सर्वांसमोर दारात उभे करून ठेवतात. नाव घेऊन हाक मारत नाहीत, ‘नाजूकबाई’ म्हणतात. शेवटी त्यांनी एकच मागणी केली होती : ‘मला दुसऱ्या ब्लॉकात टाका, मी तिथं दुप्पट कापीन.’

त्याच महिन्यात नुबिया यांच्या रक्ताचा अहवाल अर्जदाराने पाहिला. तो चांगला नव्हता. त्यांना ब्लॉक सातमधून हलवावे असे अर्जदाराने मनुष्यबळ विभागाला लिहून दिले. रक्ताचा प्रश्न वैद्यकीय असून समितीपुढील प्रश्न स्वभावाचा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नये, असे उत्तर आले.

३. छळाची तक्रार आली की आधी चौकशी करावी, तक्रारदार आणि साक्षीदार यांना वेगवेगळे ऐकावे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हाताखालून तक्रारदाराला तोवर बाजूला ठेवावे, हे समितीच्या नियमात लिहिलेले आहे. नियमांची प्रत आपल्याच कार्यालयाने दिलेली आहे. तथापि आमच्या समितीच्या अध्यक्ष आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख क्लेमेन्सिया उर्रेगो (शेतावर सर्व त्यांना आदराने ‘दोन्या’ म्हणतात) यांची पद्धत निराळी आहे. माणसे एका टेबलाशी बसली, एका भांड्यातले चॉकलेट प्यायली, की मिटते, असे त्या मानतात. शुक्रवारी दुपारी त्या स्वतः बैठकीच्या खोलीत दूध तापवतात, लाकडी रवीने चॉकलेट घुसळून फेस आणतात आणि प्रत्येक कपात चीजचा तुकडा टाकतात. चॉकलेट उत्तम असते. त्याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही.

४. नुबिया यांच्या तक्रारीची बैठक अशीच झाली. अर्जदार समक्ष हजर होती, त्यामुळे खालील बोलणे ऐकीव नाही.

नुबिया कापणीवरून थेट आल्या होत्या. बूट ओले होते, म्हणून दारातच थांबल्या. समोरासमोर बसवले की भांडण वाटते, म्हणून त्यांना मुकादमांच्या शेजारची खुर्ची देण्यात आली. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “बाईसाहेब, मला ब्लॉक बदलून द्या. बाकी मला काही नको.” दोन्या क्लेमेन्सिया यांनी दोन्ही हातांनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, “आधी घे ग पोरी, गार होईल. मग बोलू.” नुबिया यांनी हात पुढे केला नाही. तेव्हा मुकादम म्हणाले, “घ्या नाजूकबाई. विष नाही घातलेलं.” खोलीत हशा झाला. नुबिया यांनी कप घेतला आणि त्या चॉकलेट प्यायल्या.

त्यानंतर आल्मोहाबाना, म्हणजे चीजचे पाव, वाटण्यात आले. पाऊसपाण्याच्या, फेब्रुवारीतल्या प्रेमदिनासाठी जाणाऱ्या मालाच्या गप्पा झाल्या. कप गोळा केले गेले आणि सर्व उठले. ‘मग बोलू’ म्हटलेले ते बोलणे झालेच नाही.

इतिवृत्तात लिहिले आहे : ‘दोघांनी शेजारी बसून चॉकलेट घेतले. सलोखा झाला. तक्रार मिटली.’ खाली समितीच्या सर्व सदस्यांच्या सह्या आहेत, अर्जदाराचीही आहे. ती हजेरीची सही आहे. हजेरीचा कागद बैठकीच्या सुरुवातीला फिरवला जातो आणि इतिवृत्त नंतर लिहून त्याला जोडले जाते. अर्जदाराने हे त्याच आठवड्यात लेखी कळवले. तुमच्या सहीबद्दल तुम्हालाच शंका असेल तर समितीने काय करावे, असे त्यावर उत्तर मिळाले.

५. साहेब, आपण याच पठारावरचे आहात, तेव्हा कप हातात घेण्याचा अर्थ आपणास सांगावा लागू नये. या भागात भांडायला आलेल्या माणसापुढेही आधी कप येतो आणि त्याला तो घ्यावाच लागतो. नाकारला तर ज्याने घुसळले त्याच्या तोंडावर नाकारल्यासारखे होते. मयताच्या घरीही आपण चॉकलेट घेतो. म्हणून कोणी दुःख मिटले असे समजत नाही. अर्जदार गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयात पहिला अर्ज द्यायला आली तेव्हा आपल्या शिपायाने काळी कॉफी आणून दिली. अर्जदाराने ती घेतली. त्यावरून अर्ज मागे घेतला अशी नोंद आपल्या आवक रजिस्टरात कोणी केली नाही. नुबिया यांनाही तेवढाच न्याय मिळावा.

६. तक्रार ‘मिटल्यावर’ नुबिया यांनी ब्लॉक बदलण्याची विनंती पुन्हा केली. ज्यांच्यात सलोखा झाला आहे त्यांना वेगळे केल्यास सलोख्याविषयी संशय निर्माण होईल, या कारणाने ती नामंजूर झाली. उलट विश्वास वाढावा म्हणून मुकादमांच्या थेट हाताखाली, दारालगतचे वाफे त्यांना देण्यात आले.

७. जानेवारीच्या अखेरीस फेब्रुवारीच्या मालाचे ट्रक भरत होते. त्या सकाळी ब्लॉक सातवर फवारणी झाली आणि दारावर लाल बावटा लागला. पुढे काय झाले ते नुबिया यांच्या सोबत कापणीवर असलेल्या मार्लेन चिकिसा यांच्या तोंडून अर्जदाराने ऐकले आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले :

“ट्रकला माल कमी पडत होता. मुकादम म्हणाला, ‘कोपऱ्यातल्या वाफ्यांवर फवारा गेलेलाच नाही, तेवढं कापून आण.’ नुबिया म्हणाली, ‘मुकादम, बावटा लाल आहे.’ तर हा आमच्याकडे बघून म्हणतो, ‘झालं का परत सुरू? अगं, एका भांड्यातलं चॉकलेट प्यालो ना आपण? आता तरी विश्वास ठेव की बाई.’ तो बोलायच्या आधी नेहमी आमच्याकडे बघून घ्यायचा, आम्ही हसतोय का ते. आणि आम्ही हसायचो. मला तो म्हातारी मेंढी म्हणतो, तेव्हाही मी हसते. त्या दिवशीही हसले. मग ती गेली. जाताना माझ्याकडे बघितलंन. मी खाली बघत होते, पेंढी बांधत होते.”

जेवणाच्या वेळी नुबिया यांचा डबा तसाच राहिला, म्हणून मार्लेन आत गेल्या. अर्जदार पोहोचली तेव्हा नुबिया वाफ्यांच्या मधल्या वाटेवर होत्या. तोंडाला फेस होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. कापलेल्या पेंढीची फुले मात्र चुरगळलेली नव्हती, ती त्यांनी नीट बाजूला ठेवली होती. त्याच संध्याकाळी दवाखान्यात त्यांचे निधन झाले. बाहुल्या अशा का होतात हे अर्जदारास माहीत आहे. दवाखान्यालाही माहीत होते. मृत्यूच्या कारणाबद्दल कोणाचाच वाद नाही.

८. वाद एका शब्दाबद्दल आहे. शेताच्या अपघात अहवालात लिहिले आहे : ‘मयत आणि मुकादम यांचे संबंध सलोख्याचे होते (पाहा : समितीचे इतिवृत्त), त्यामुळे दबावाचा प्रश्न उद्भवत नाही. मयत स्वखुशीने आत गेली.’ हे वाक्य उभे आहे ते त्या कपावर. इतिवृत्तातील नोंद रद्द झाली तरच अहवालातले हे वाक्य पडेल.

नुबिया यांच्या आई, दोन्या आना तुलिया, यांना लिहिता येते, पण थोडे. त्यांनी आपणास दिलेल्या अर्जात दोनच वाक्ये आहेत. ‘माझी पोरगी बावटा बघून थांबणारी होती. ते स्वखुशीने तेवढं खोडा.’

९. अर्जदाराने नोंद रद्द करण्यासाठी आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला. त्यावर संदर्भ (१) चे पत्र आले की मिटलेली तक्रार पुन्हा उघडायची असल्यास दोन्ही पक्षांनी समक्ष हजर राहून सलोखा मान्य नसल्याचे सांगावे. तक्रारदार मयत असल्याचे, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीसह, अर्जदाराने कळवले. संदर्भ (२) चे पत्र आले की मग वारसाने हजर राहावे, मात्र ज्या समितीपुढे सलोखा झाला त्याच समितीपुढे.

या दोन पत्रांच्या मधल्या काळात आपल्या कार्यालयाच्या सभागृहात, आसपासच्या फुलशेतींच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांसाठी ‘तक्रारींचे सलोख्याने निवारण’ या विषयावर शिबिर झाले. वक्त्या म्हणून दोन्या क्लेमेन्सिया यांना बोलावण्यात आले होते. समिती सदस्यांना हजेरी सक्तीची होती, म्हणून अर्जदारही होती. नुबिया यांना पुरून महिना झाला नव्हता. त्यांचे नाव न घेता त्यांच्या तक्रारीचे उदाहरण देण्यात आले. अधिकाऱ्यांनी ते उतरवून घेतले. दूध वापरावे की पाणी, असे एकाने विचारले. मागच्या रांगेतल्या एका तरुण बाईंनी मात्र विचारले, “आणि तक्रारदार प्यायलाच नाही तर?” दोन्या क्लेमेन्सिया हसून म्हणाल्या, “आजवर असं झालेलं नाही.”

१०. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते झाले. दोन्या आना तुलिया काळी शाल पांघरून, दोन बस बदलून समितीपुढे आल्या. त्यांना मुकादमांच्या शेजारची, नुबिया यांचीच खुर्ची देण्यात आली. कप पुढे आला. वय झालेल्या बाईंना तो नाकारणे जमले नाही. त्यांनी तो घेतला आणि मांडीवर धरून बसल्या. दोन्या क्लेमेन्सिया दोनदा म्हणाल्या, “घ्या ना आई, साय धरतेय.” साय धरली. चीज तळाशी गेले. मग त्यांनी वाकून कप जमिनीवर, पायाशी ठेवला आणि म्हणाल्या, “माझी पोर इथं जे प्याली ते आमच्या घरचं शेवटचं समजा. तुमचा हात चांगला आहे, बाई. पण मला नको.”

मुकादम खाली बघत होते. हेही नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते.

त्या बैठकीचे इतिवृत्त असे : ‘वारसाने सलोख्याच्या प्रयत्नास प्रतिसाद दिला नाही. नवीन सलोखा न झाल्याने पूर्वीचा सलोखा कायम राहतो.’ म्हणजे प्याले तर मिटले आणि न प्याले तरी मिटलेलेच. या पद्धतीत तक्रारदाराने नेमके काय केले असता तक्रार शिल्लक राहते, ते आपण लेखी कळवावे.

११. समिती साक्षीदारांना वेगळे ऐकत नाही, म्हणून अर्जदाराने आपल्या सुट्टीच्या दिवशी तीन कामगारांच्या घरी जाऊन त्यांचे म्हणणे लिहून घेतले. पैकी दोघांना नंतर एकेका शुक्रवारी बोलावण्यात आले. दोघांनीही म्हणणे मागे घेतले. त्यांची नावे अर्जदार देत नाही, त्यांना मुलेबाळे आहेत. मार्लेन चिकिसा यांनी मागे घेतले नाही. त्यांना कापणीवरून काढून शीतगृहात टाकले आहे. नाव लपवू का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “त्या दिवशी खाली बघितलं तेवढं पुरे झालं. लिहा नाव.”

१२. आता अर्जदाराविरुद्धच तक्रार दाखल झाली आहे. तक्रारदार मुकादम पेनागोस आहेत. अर्जदाराने परस्पर जबाब घेऊन गोपनीयता मोडली, शेतावरील वातावरण बिघडवले आणि ती सकाळी नमस्कार करीत नाही, त्यामुळे त्यांचा मानसिक छळ होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. शेवटचा मुद्दा खरा आहे. अर्जदाराने त्यांना नमस्कार करणे सोडले आहे.

बैठक येत्या शुक्रवारी आहे. दोन्या क्लेमेन्सिया काल व्हरांड्यात भेटल्या तेव्हा अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ओल्गा, मनाला लावून घेऊ नकोस ग. ये शुक्रवारी, बसू, दोन घोट घेऊ, संपवून टाकू. तू काय नि एदिल्सोन काय, दोघंही माझीच माणसं.” त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. नुबिया यांच्या अंत्यविधीत त्या रडल्या होत्या आणि ते रडणेही खरे होते. आपण दोघांत समेट घडवला म्हणून निदान ती पोर मनात राग न ठेवता गेली, असे त्या सर्वांना सांगत होत्या. वाईट हेतूच्या माणसाविरुद्ध अर्ज कसा करावा हे अर्जदारास कळले असते. चांगल्या हेतूविरुद्ध कसा करावा हे तिला नीट कळत नाही, म्हणून हा अर्ज लांबला. क्षमा असावी.

१३. नोटिशीच्या शेवटी असेही लिहिले आहे की सलोखा झाल्यावर तो दृढ व्हावा यासाठी अर्जदाराने त्याच दुपारी मुकादमांसोबत ब्लॉक सातमधील पानांचे नमुने घ्यावेत. सलोखा होणार हे गृहीत धरलेले आहे. फवारणीच्या वेळापत्रकात त्या शुक्रवारी ब्लॉक सात आहे. हे कोणी मुद्दाम केले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. वेळापत्रक एकाने केले आणि नोटीस दुसऱ्याने, एवढेच. बावटा लावणे आणि काढणे मात्र मुकादमांकडे आहे.

१४. तरी आपणास नम्र विनंती की –

नुबिया तिबाकिरा यांच्या तक्रारीवरील ‘सलोख्याने मिटले’ हा शेरा रद्द करावा. त्या तक्रारीची चौकशी शेताशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून, साक्षीदारांना वेगवेगळे ऐकून, मुकादम हजर नसताना करावी. ती होईपर्यंत अपघात अहवालातील ‘स्वखुशीने’ हा शब्द ग्राह्य धरू नये. मार्लेन चिकिसा यांना त्यांच्या जबाबापायी कामावरून काढले जाणार नाही, असे शेताला लेखी बजावावे.

आणि हा अर्ज शुक्रवारच्या आत आवक रजिस्टरात नोंदवून, त्यावर तारखेचा शिक्का मारून ठेवावा. ही शेवटची विनंती अर्जदार स्वतःसाठी करीत आहे. कारण पुढीलप्रमाणे :

अर्जदार शुक्रवारी बैठकीस हजर राहील. तिच्यापुढे कप येईल. तो ती हातात घेणार नाही. इतिवृत्तात ‘घेतले’ असे आल्यास ते खोटे समजावे. ‘घेतले नाही’ असे आल्यास तेवढेच समजावे, त्याहून जास्त काही नाही. त्यानंतर ब्लॉक सातच्या दाराशी बावटा लाल असेल, तर अर्जदार आत जाणार नाही. बावटा काढलेला असेल, तर फवारणी केव्हा झाली ते ती विचारील, आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय आत जाणार नाही.

यानंतरही अर्जदार आत आढळल्यास ती स्वखुशीने गेलेली नाही, ही नोंद आजच घ्यावी.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,

(सही)
ओल्गा यानेथ सास्तोके
सान्ता रीता दे ला साबाना
१८ मार्च, मंगळवार

सोबत :
समितीची दोन्ही इतिवृत्ते व हजेरीचा कागद.
नुबिया तिबाकिरा यांची मूळ तक्रार आणि रक्ताचा अहवाल (त्यांच्या आईच्या संमतीने).
मार्लेन चिकिसा यांचा जबाब, सहीसह.
अपघात अहवालाची प्रत. ‘स्वखुशीने’ हा शब्द दोन्या आना तुलिया यांनी पेन्सिलीने खोडला आहे. दुसरी प्रत मिळू शकली नाही.